छातीवरची पट्टी आणि सशाची पाठ

आर्वीतील एखाद्या घरात हा प्रसंग सहज घडू शकतो. घरातील ज्येष्ठ श्राविकेला मधूनच छातीत धडधडू लागते. एकदा मंदिरातून परतताना, एकदा मध्यरात्री झोपेतून जागे होऊन. उपवासांचा थकवा असेल, असे म्हणून घरचे प्रथम दुर्लक्ष करतात. मग गावातील डॉक्टर कार्डिओग्राम काढतात आणि तो निर्दोष निघतो. धडधड मात्र थांबत नाही. शेवटी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर येथे हृदयरोगतज्ज्ञांकडे जाणे होते आणि तेथे सांगितले जाते, की आठ-दहा दिवस छातीवर एक लहानशी पट्टी चिकटवून ठेवावी. हृदयाचा प्रत्येक ठोका तीत नोंदला जाईल. मुलगा लगेच तयार होतो. आई मात्र पट्टीचे पाकीट हातात धरून विचारते, “अरे, ही करताना कोणा मुक्या जीवाला छळलं तर नसेल ना?”

या प्रश्नाला बहुतेक घरांत दोनपैकी एक उत्तर मिळते. एक उत्तर असे, की ही तर नुसती पट्टी आहे, हिच्यासाठी प्राणी कशाला लागतील? दुसरे उत्तर असे, की आजकाल सगळेच प्राण्यांवर तपासलेले असते, विचार करून काय उपयोग? पहिले उत्तर अज्ञानातून येते आणि दुसरे आळसातून. ज्या स्त्रीने आयुष्यभर पाणी गाळून प्यायले, तिच्या प्रश्नाला याहून अचूक उत्तर मिळायला हवे. ते देता येते, पण त्यासाठी त्या पट्टीचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात: एक ठोका मोजणारा आणि दुसरा कातडीला चिकटणारा.

पट्टी का लागते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. माणसाचे हृदय दिवसभरात सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. नेहमीचा कार्डिओग्राम त्यातील जेमतेम १० सेकंद टिपतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा जो विकार आहे, ज्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, तो प्रारंभी चोरपावलांनी येतो, काही मिनिटे किंवा काही तास राहतो आणि निघून जातो. त्या १० सेकंदांत तो सापडला नाही, म्हणजे तो नाहीच असे म्हणता येत नाही. हा विकार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो; कारण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. वेळीच निदान झाले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने तो धोका पुष्कळ कमी करता येतो. म्हणून आईने पट्टी नाकारली तर ती गोष्ट लहान ठरत नाही. एका बाजूला तिचे व्रत आहे आणि दुसऱ्या बाजूला तिचा उजवा हात, तिची वाणी, तिचे उरलेले आयुष्य.

हृदयाची वीज शरीराच्या बाहेरून मोजता येते, हे जगाला प्रथम १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी दाखवले. माणसाच्या हृदयाचा पहिला आलेख तोच. पुढे वॉलर आपल्या प्रात्यक्षिकांसाठी जिमी नावाचा पाळीव बुलडॉग नेऊ लागले. मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यांत जिमी पंजे ठेवून उभा राही, तारा यंत्राला जोडलेल्या असत आणि त्याच्या हृदयाची स्पंदने सर्वांना दिसत. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीच्या मेळाव्यात हे प्रात्यक्षिक झाले आणि त्यावरून ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला: १८७६ च्या प्राणिक्रौर्यविषयक कायद्याचा येथे भंग झाला नाही काय? गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी उत्तर दिले, की भांड्यात साधे मीठ घातलेले पाणी होते आणि ज्याने समुद्रात पाय बुडवले आहेत त्याला त्या कुत्र्याला काय वाटले असेल याची कल्पना येईल. सभागृहात हशा पिकला असेल; पण प्रश्न विचारणाऱ्याची चूक नव्हती. कुत्र्याला इजा झाली का, हे विचारण्याचा अधिकार लोकप्रतिनिधीला आहे, एवढे त्या दिवशी मान्य झाले.

त्याच १९०९ च्या उन्हाळ्यात मोहनदास गांधी लंडनमध्ये होते. नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेला परतताना किल्डोनन कॅसल या जहाजावर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. त्यातील डॉक्टरांविषयीच्या प्रकरणात, मानवी देहाच्या काळजीपोटी जिवंत प्राण्यांची चिरफाड करणाऱ्या युरोपीय वैद्यकाचा त्यांनी कठोर निषेध केला आहे. हेच गांधीजी पुढे १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास आले. ते गाव पुढे सेवाग्राम झाले आणि १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आर्वीची माणसे आज छातीचे दुखणे घेऊन ज्या सेवाग्रामची वाट धरतात, त्या मातीत हा प्रश्न नवा नाही.

जिमीला इजा झाली नव्हती. हृदयाची वीज मोजणे ही मुळात निरुपद्रवी क्रिया आहे. शरीरात काही सोडायचे नसते, शरीरातून जे बाहेर येते तेवढे ऐकायचे असते. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोव्हन यांनी या विद्येला अचूकता दिली. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. ते यंत्र अंगावर बाळगता येईल असे करण्याचा ध्यास अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या नॉर्मन जेफ होल्टर यांनी घेतला. १९४७ च्या सुमारास त्यांनी बनवलेले पहिले यंत्र ३८ किलोंचे होते आणि ते पाठीवर बांधून होल्टर स्वतः व्यायामाच्या सायकलवर बसले. आज ज्याला सगळे ‘होल्टर लावणे’ म्हणतात, ते नाव या गृहस्थांचे. नव्या यंत्राचा भार शोधकाने आधी स्वतःच्या पाठीवर घेतला, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

मात्र सगळा इतिहास असा स्वच्छ नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुतनिक २ यानातून लायका नावाची मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री अवकाशात पाठवली. तिच्या अंगावर हृदयाची व श्वासाची गती कळवणारी साधने होती. उड्डाणापूर्वी तिच्या नाडीचे ठोके मिनिटाला १०३ होते, वेग वाढताना ते २४० वर गेले. परत आणण्याची सोयच यानात नव्हती. काही तासांतच उष्णतेने आणि भीतीने ती मेली, हे २००२ मध्ये उघड झाले. जिमी आणि लायका, दोघांच्याही हृदयाची नोंद झाली. पहिला घरी परतला. लायकाच्या बाबतीत दोष मोजणाऱ्या साधनाचा नव्हता, तिला तेथे बसवणाऱ्या हेतूचा होता. जैन परंपरेने संकल्पी हिंसेला इतर हिंसांपासून वेगळे काढले ते उगाच नव्हे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, त्यामागे अनेक वर्षे कुत्र्यांवर केलेल्या शस्त्रक्रियांचा अभ्यास होता. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतील कृत्रिम झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रुग्णाला बसवली गेली, त्याआधी ती मेंढ्यांना बसवून पाहिली गेली होती. आज ज्यांच्या छातीत अशी झडप आहे ते श्रावकही आपल्यात आहेत. हे ऋण नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. पण हृदयाच्या आत बसवायची झडप आणि कातडीवर चिकटवायची पट्टी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या अंतरात सापडते.

आता पट्टीचा पहिला भाग, ठोका मोजणारा. नवे यंत्र ठोके बरोबर ओळखते की नाही, हे तपासायला आज प्राणी लागत नाही. बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात ४७ व्यक्तींच्या हृदयांच्या नोंदी घेतल्या गेल्या. त्यांतून अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ तुकडे निवडून, प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी खूण करून, १९८० पासून ते जगभरच्या संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आले. ठोके ओळखणारी नवी संगणकीय पद्धत आधी या मानवी नोंदींवर घासून पाहिली जाते. पुढे स्वयंसेवकांच्या व रुग्णांच्या अंगावर, त्यांच्या संमतीने. आयआयटी मुंबईत या शतकाच्या पहिल्या दशकात गळ्यातील लॉकेटाएवढे हृदयनोंद यंत्र ‘सिलिकॉन लॉकेट’ या नावाने घडवले गेले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, मोबाइलला जोडता येणारे टेली-ईसीजी यंत्र तयार केले. या दोन्ही महाराष्ट्रीय प्रयत्नांतले नावीन्य विद्युत्परिपथांचे आणि आकाराचे होते. हृदयाची वीज वाचण्याचे तत्त्व जुनेच आहे आणि ते सिद्ध करण्यासाठी पुन्हा कोणाला टेबलावर बांधण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरा भाग कातडीला चिकटणारा: गोंद, विद्युतवाहक जेल, प्लॅस्टिकचा पापुद्रा. प्राणी येथे येतो. शरीराला लागणाऱ्या वैद्यकीय साधनांच्या जैविक सुरक्षिततेसाठी आयएसओ १०९९३ नावाची आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे. केवळ धड कातडीला लागणाऱ्या वस्तूसाठी तीन गोष्टी पाहायच्या असतात: ती पेशींना मारते का, कातडीला झोंबते का आणि काही दिवसांनी ॲलर्जी निर्माण करते का. पहिली चाचणी काचपात्रात होते. दुसरीसाठी परंपरेने तीन पांढरे ससे लागत. पाठीवरचे केस काढून त्या उघड्या जागेवर पदार्थ बांधायचा, काही तासांनी काढायचा आणि मग १, २४, ४८ व ७२ तासांनी कातडी किती लाल झाली, किती सुजली, याला गुण द्यायचे. तिसरीसाठी गिनिपिग. एका अर्कासाठी किमान १० चाचणीचे आणि ५ तुलनेचे. त्यांतल्या एका प्रचलित पद्धतीत आधी कातडीत सुई टोचून, प्रतिक्रिया तीव्र व्हावी म्हणून मुद्दाम उत्तेजक द्रव्य मिसळून अर्क सोडतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा पट्टी लावून पाहतात. चाचणी संपल्यावर या गिनिपिगांना बहुधा मारले जाते.

म्हणजे आईला द्यायचे उत्तर असे: हृदयासाठी कोणाला छळले नसेल, गोंदासाठी छळले असण्याची शक्यता आहे. त्यातला गोंद नवा असेल तर ती शक्यता अधिक, आणि कित्येक वर्षे वापरात असलेला असेल तर नव्या पट्टीसाठी पुन्हा तसे करण्याची गरज सहसा नसते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ही चाचणी पदार्थाची व रचनेची होते, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पट्टीची होत नाही. औषधांच्या दुकानातून एक पट्टी जास्त आणल्याने एक ससा जास्त दुखावला जातो, असा हिशेब येथे लागू पडत नाही.

पण मग सशाच्या पाठीने दिलेले उत्तर आर्वीच्या आईच्या उपयोगाचे तरी आहे का? विदर्भातील मे महिना डोळ्यांसमोर आणावा. पारा ४५ अंशांच्या आसपास, वीज गेलेली, छातीवर दहा दिवसांची पट्टी, तिच्याखाली घाम, वर लुगड्याचा पदर. तेथे कातडीला खाज सुटेल की नाही, फोड येतील की नाही, हा खरा प्रश्न. सशाला माणसासारखा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी ओठांपाशी तेवढ्या. त्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ व अधिक संवेदनशील; काही पदार्थ तिला झोंबतात आणि माणसाला झोंबत नाहीत. काही तासांच्या बंद खोलीतील परीक्षेवरून दहा दिवसांच्या घामाचे भाकीत कसे करायचे? २०१४ मध्ये अमेरिकेत फिटबिट कंपनीला ‘फोर्स’ नावाची मनगटपट्टी बाजारातून परत मागवावी लागली, कारण वापरणाऱ्यांपैकी काहींच्या मनगटांवर ॲलर्जीचे चट्टे उठले; धातूतील निकेल किंवा जोडणीतील चिकटद्रव्ये हे कारण सांगितले गेले. ते चट्टे माणसांच्या कातडीने दाखवले. नातवाच्या मनगटावरील घड्याळालाही, जाता जाता, हाच प्रश्न लागू आहे. फक्त तो कोणी विचारत नाही.

विज्ञानाला हे उमगलेले नाही असे नाही. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन कसोट्या मांडल्या: प्राण्याऐवजी दुसरे काही वापरता येते का, संख्या कमी करता येते का, वेदना कमी करता येतात का. भारतातील नियामक समितीने पुढे त्यांत चौथी भर घातली, ती प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची. पांजरपोळांच्या देशाला साजेशी ही भर आहे. सशाच्या कातडीला आता पर्याय मिळाला आहे. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मानवी त्वचेतील पेशी संमतीने घेऊन काचपात्रात त्वचेचा वरचा थर वाढवला जातो. रसायनांच्या परीक्षेसाठी तो २०१० पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आहे आणि २०२१ मध्ये आयएसओ मानकमालेच्या तेविसाव्या भागाने वैद्यकीय साधनांसाठीही तो स्वीकारला. दाहाची परीक्षा आधी या थरावर करावी, प्राण्याकडे शेवटी वळावे, असा त्याचा क्रम आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले: केवळ धड कातडीला लागणारी, ठरावीक परिचित पदार्थांची बनलेली काही साधने असतील, तर नव्याने जैविक चाचण्यांचा अहवाल मागण्याऐवजी पदार्थांची माहिती व हमी पुरेशी मानता येईल. वर्षानुवर्षे कोट्यवधी माणसांच्या अंगाला लागलेल्या पदार्थाविषयी सशाला पुन्हा का विचारावे, हा त्यामागचा साधा विचार.

गिनिपिगाची गाठ मात्र अजून सुटलेली नाही. ॲलर्जी ही शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची दीर्घ प्रक्रिया आहे. ती एका काचपात्रात पूर्ण उतरत नाही. शुद्ध रसायनांसाठी दोन-तीन काचपात्र-चाचण्यांचे निकाल एकत्र वाचण्याची पद्धत २०२१ मध्ये मान्य झाली, पण पट्टीतून निघणाऱ्या मिश्र अर्कासाठी पुष्कळ प्रयोगशाळा अजून गिनिपिगाकडेच वळतात. आणि काचपात्रसुद्धा पूर्ण निर्दोष नाही, हेही लपवू नये. पेशींवरील चाचणीत सर्रास वापरला जाणारा एल-९२९ हा पेशीवंश १९४० च्या दशकात एका उंदराच्या ऊतीपासून वाढवला गेला; एका उंदराने आजवर किती प्राण्यांची जागा घेतली, असे म्हणता येईल. परंतु त्या पेशी ज्या द्रवात वाढतात, त्यात बहुधा न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचा द्रवभाग असतो आणि तो कत्तलखान्यातून येतो. त्याला पर्याय म्हणून प्राणिज घटक नसलेली द्रावणे तयार झाली आहेत, त्यांचा प्रसार अजून व्हायचा आहे. ‘प्राण्यांवर तपासलेले नाही’ हे शब्द पाकिटावर दिसले, तरी त्यांच्यामागे हा तपशील असतो.

कायद्याची बाजू भारतापुरती उल्लेखनीय आहे. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नृत्यकलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राणिक्रौर्य-प्रतिबंधाचे खासगी विधेयक मांडले. सरकारने स्वतः कायदा आणण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही. रोगांशी लढणाऱ्या ज्ञानासाठी ते वैध ठरवले. हा समझोता होता आणि अनेक अहिंसावाद्यांना तो तेव्हाही खटकला असेल. परंतु कलम १७ मध्ये काही गोष्टी स्पष्ट लिहिल्या गेल्या: जेथे प्रयोग टाळता येतो तेथे टाळावा, लहान प्राण्यांवर भागते तेथे मोठा प्राणी घेऊ नये, केवळ हाताला सवय व्हावी म्हणून प्रयोग होऊ नयेत. १९९८ च्या नियमांनी प्रयोगसंस्थांना नोंदणी व परवानगीची चौकट आखून दिली. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्या थांबल्या. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशी-आधारित व तत्सम पर्यायी पद्धतींना स्थान मिळाले. वैद्यकीय साधनांसाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. औषधांत उघडलेले दार साधनांतही तितकेच रुंद व्हावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

या व्यवस्थेत एक जागा अशी आहे, जिच्याकडे समाजाचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत एक प्राणी नीतिसमिती असावी लागते. तिच्यात संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचे प्रमुख असतात. शिवाय बाहेरचा एक शास्त्रज्ञ आणि एक असा सभासद, जो शास्त्रज्ञ नाही पण सामाजिक प्रश्नांची जाण असलेला नागरिक आहे. प्रस्ताव तिच्यापुढे येतात. इतके प्राणी का, कमी का नाहीत, मानवी त्वचेच्या थरावर हे का भागत नाही, हे विचारण्याचा हक्क त्या सभासदाला आहे. वर्धा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नागपूर-अमरावतीकडे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये पुष्कळ. गोशाळेच्या विश्वस्तमंडळासाठी चुरस होते. या खुर्चीवर बसण्यासाठी कोणी पुढे येत नाही, कारण तेथे पाटी लागत नाही. वर्षातून काही दिवस प्रस्ताव वाचावे लागतात, न समजलेले पुन्हा विचारावे लागते आणि प्रसंगी एकट्याने नकार नोंदवावा लागतो. समाजातील निवृत्त शिक्षकांना आणि वकिलांना हे काम अवघड नाही.

घरापुरते पाहायचे, तर विचारण्यासारखे प्रश्न थोडे आहेत. जुन्या पद्धतीचा २४ किंवा ४८ तासांचा होल्टर पुरेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. त्यात वापरली जाणारी बटणाची इलेक्ट्रोडे अनेक दशकांची आहेत. धडधड महिन्यातून एखाद्याच वेळी होत असेल तर मात्र डॉक्टर लांब मुदतीच्या पट्टीचाच आग्रह धरतील आणि तो योग्य असेल. कातडीखाली बसवायचा बोटाच्या पेराएवढा नोंदक सुचवला गेला, तर ती वेगळी वस्तू आहे हे ओळखावे. शरीराच्या आत राहणाऱ्या साधनाच्या चाचण्याही प्राण्याच्या शरीराच्या आत होतात. चिकटद्रव्याचा घटकही विचारून घ्यावा. हायड्रोकोलॉइड प्रकारच्या काही चिकटद्रव्यांत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून मिळते. जी श्राविका औषधाची कॅप्सूल उघडून पाहते, तिला हे आधी कळायला हवे. ॲक्रिलिक किंवा सिलिकोनचे चिकटद्रव्य असलेल्या पट्ट्याही मिळतात.

कृत, कारित आणि अनुमोदित असा विचार ज्या घरात होतो, तेथे नकार हाच एक मार्ग नाही. उत्पादकाला पत्र पाठवता येते. त्यात तीन ओळी पुरतात: चिकटद्रव्यात प्राणिज घटक आहे का, दाहाची चाचणी मानवी त्वचाथरावर झाली की सशावर, पुढील नव्या चिकटद्रव्यासाठी कोणती पद्धत वापरली जाणार आहे. प्रत्येक उत्पादकाकडे या साधनाचा जैविक मूल्यमापन अहवाल असतो, त्यामुळे उत्तर देणे त्याला अशक्य नाही. एका पत्राला कदाचित छापील आभार येतील. शंभर पत्रे आली तर ती कोणाच्या तरी टेबलावर बैठकीचा विषय होतील, विशेषतः ज्या देशात ग्राहक पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून खरेदी करतो त्या देशात.

आईचा निर्णय तिचाच राहील. पट्टी लावायची ठरली, तर सकाळी स्नानानंतर कातडी पूर्ण कोरडी करून, तेल-पावडर न लावता लावावी. दोन दिवसांनी कडेला लाली, खाज किंवा फोड दिसले तर सोसत न बसता रुग्णालयाला कळवावे आणि कळवताना पट्टीच्या पाकिटावरचा क्रमांक जवळ ठेवावा. भारतात वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना आहे आणि रुग्णालयातून तेथे माहिती जाऊ शकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात घामाखाली हे चिकटद्रव्य कसे वागते, हे कळवणारी ती नोंद आईच्या छातीवरून गेलेली असेल.